न बरी झालेली सर्दी आणि हर्ट्झच्या लहरी

१८९२ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातील एका ३५ वर्षांच्या प्राध्यापकाला सर्दी झाली. नाक चोंदलेले, घसा दुखणारा. आधी साधी सर्दी वाटली, मग फुलांच्या परागकणांनी होणारा त्रास असावा असे वाटले. महिना उलटला तरी ती हटेना. दुखणे इतके वाढले की प्रयोगशाळेत जाणे थांबले. पुढे कान धरला, कानामागच्या हाडापर्यंत आजार पोचला, डोक्यावर शस्त्रक्रिया झाल्या. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा सगळे पूर्ववत. १ जानेवारी १८९४ रोजी तो गेला. वयाची ३७ वर्षेही पुरी झाली नव्हती. मागे पत्नी आणि दोन लहान मुली.

या माणसाचे नाव आज प्रत्येक घरात आहे. वायफायच्या डब्याखाली २.४ गिगाहर्ट्झ असे छापलेले असते. त्यातला हर्ट्झ तो हाच. हाइनरिश हर्ट्झ.

त्याचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, हॅम्बुर्गचा. वडील वकील, पुढे शहराच्या कारभारात सिनेटर झाले. आई एका लष्करी डॉक्टरची मुलगी. घराणे मूळचे ज्यू, पण ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले. हा तपशील पुढे या कुटुंबाच्या गळ्याशी येणार होता. मुलगा हुशार तर होताच, पण त्याचे हात विलक्षण चालायचे. सुतारकाम, लेथवरचे काम, चित्रे काढणे यात तो रमायचा. हौसेने अरबी भाषाही शिकला. तो प्राध्यापक झाल्याचे कळल्यावर त्याला लेथ शिकवणारे कारागीर हळहळले होते म्हणे, की केवढा चांगला कारागीर वाया गेला! गोष्ट खरी असो वा नसो, त्याच्या पुढच्या प्रयोगांचे सगळे यश या हातांत होते. पुस्तकी हुशारीची माणसे त्या काळी जर्मनीत कमी नव्हती.

आधी अभियंता व्हायचे ठरले होते. फ्रँकफर्टला वर्षभर उमेदवारी, ड्रेस्डेनला शिक्षण, सक्तीची लष्करी सेवा असे करत तो १८७७ मध्ये म्युनिकला आला आणि तिथे त्याचे मन बदलले. पूल बांधण्यापेक्षा निसर्गाचे नियम शोधावेत असे त्याला वाटू लागले. वडिलांना पत्र लिहून त्याने परवानगी मागितली आणि ती मिळाली. पुढच्या वर्षी बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या हाताखाली तो दाखल झाला. हेल्महोल्ट्झ स्वतः शिक्षणाने डॉक्टर. डोळ्याच्या आतला पडदा तपासण्याचे यंत्र, ऑफ्थॅल्मोस्कोप, जगापुढे आणणारा. तो पुढे भौतिकशास्त्राकडे वळला होता. या गुरूने हर्ट्झमधली चमक लगेच ओळखली.

हेल्महोल्ट्झने त्याला एक अवघड प्रश्न सुचवला. स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलने कागदावर गणित मांडून दाखवले होते की वीज आणि चुंबकत्व यांच्या एकत्रित लहरी असतात, त्या प्रकाशाच्या वेगाने जातात, आणि प्रकाश हीसुद्धा तसलीच एक लहर आहे. पण अशी लहर कुणी मुद्दाम निर्माण करून दाखवली नव्हती. हर्ट्झने हिशेब केला. हाताशी असलेल्या साधनांनी परिणाम इतका क्षीण येईल की तो दिसणारच नाही, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने चक्क नकार दिला. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने गुरूला नाही म्हणायला हिंमत लागते. १८८० मध्ये दुसऱ्याच विषयावर त्याने डॉक्टरेट मिळवली. १८७९ मध्येच मॅक्सवेलचे निधन झाले होते. आपले गणित खरे ठरलेले त्याला पाहता आले नाही.

कीलमध्ये दोन वर्षे काढून १८८५ मध्ये हर्ट्झ कार्ल्सरूहच्या तंत्रशाळेत प्राध्यापक झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या एका सहकाऱ्याची मुलगी एलिझाबेथ डॉल हिच्याशी त्याचे लग्न झाले. आणि त्याच वर्षी, प्रयोगशाळेतल्या जुन्या सामानात असलेली तारेची दोन वेटोळी हाताळताना त्याला एक गंमत दिसली. एका वेटोळ्यातून विजेचा झटका सोडला की जवळच्या दुसऱ्या, कशालाही न जोडलेल्या वेटोळ्याच्या टोकांमध्ये ठिणगी उडत होती. सात वर्षांपूर्वी सोडलेला प्रश्न त्याला आठवला.

यानंतरची दोन वर्षे म्हणजे हातांच्या कसबाची कमाल आहे. प्रक्षेपक म्हणजे काय, तर मधोमध बारीक फट ठेवलेली धातूची दांडी आणि त्या फटीत कडाडणारी ठिणगी. ठिणगी पडली की दांडीतली वीज सेकंदाला कोट्यवधी वेळा पुढेमागे हेलकावते. ग्राहक म्हणजे तांब्याच्या तारेचे कडे, त्यालाही केसाएवढी फट. समोरून लहर आली तर त्या फटीत ठिणगी दिसणार. पण ही ठिणगी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी! ती पाहण्यासाठी खोलीत काळोख करायचा, डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि मग स्क्रू फिरवत फिरवत शोधायचे.

व्याख्यानाचा मोठा दिवाणखाना त्याने रिकामा केला. लांबी १५ मीटर, मध्ये लोखंडी खांब, वर गॅसची झुंबरे. झुंबरांचे लोंबते भाग काढून टाकले. भिंतीवर ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा लावला. लहर त्या पत्र्यावर आपटून परत येते आणि येणारी-जाणारी लहर एकमेकींत मिसळते. त्यामुळे खोलीत काही ठिकाणी ठिणगी जोरात उडायची, तर काही पावलांवर ती पार विझायची. दोन विझत्या जागांमधले अंतर मोजले की लहरीची निम्मी लांबी मिळाली. घरातल्या एका कोपऱ्यात वायफाय चांगले मिळते आणि हातभर सरकले की ते अडखळते, त्यामागच्या अनेक कारणांपैकी एक कारण हेच आहे.

१८८८ च्या अखेरीस त्याने लहर आणखी लहान केली. केवळ २६ सेंटिमीटर लांबीची पितळी दांडी आणि तिच्यामागे जस्ताचा वाकवलेला, दोन मीटर उंचीचा आरसा. आता लहरीची लांबी ६६ सेंटिमीटर होती. आजच्या भाषेत साधारण ४५० मेगाहर्ट्झ. ही लहर सरळ रेषेत जाते, धातूवरून परावर्तित होते आणि लाकडी दार बंद असले तरी पलीकडच्या खोलीत ठिणगी उडवते, हे त्याने दाखवले. डांबराचा दीड मीटर उंच लोलक ओतवून घेतला. वजन सुमारे ६०० किलो! काचेच्या लोलकात प्रकाश जसा वळतो, तशी ही लहर डांबरात वळली. मॅक्सवेलचे गणित आता हातात धरून दाखवता येत होते.

याच धडपडीत त्याला आणखी एक गोष्ट सापडली आणि तिचा थेट संबंध आजच्या एका भीतीशी आहे. ग्राहकाची ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने ती फट एका काळ्या डब्यात झाकली, तर ठिणगी उलट लहान झाली. प्रक्षेपकाच्या ठिणगीचा उजेड अडला की असे होत होते. साधी काच मध्ये धरली तरी परिणाम तोच, क्वार्ट्झ धरले तर नाही. काच अतिनील किरण अडवते, क्वार्ट्झ अडवत नाही. म्हणजे अतिनील किरणांमुळे धातूवरची वीज सहज सुटत होती. हर्ट्झने १८८७ मध्ये हे प्रसिद्ध केले आणि कारणाचा फार पाठलाग न करता तो आपल्या लहरींकडे परतला. उत्तर १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दिले. प्रकाशाची ऊर्जा कणाकणांनी येते आणि एका कणाची ऊर्जा लहरीच्या वारंवारतेवर ठरते. कण पुरेसा ताकदवान नसेल तर असे कण कितीही ओतले तरी इलेक्ट्रॉन सुटत नाही.

वायफायमुळे कर्करोग होतो का, हा प्रश्न दवाखान्यात अजूनही विचारला जातो. गर्भवती स्त्रिया रात्री डबा बंद करतात, कुणी मुलाच्या खोलीतून तो हलवतात. वायफायच्या लहरीतल्या एका कणाची ऊर्जा ही अतिनील किरणाच्या कणापेक्षा सुमारे चार-पाच लाख पटींनी कमी असते. पेशीतल्या रेणूचे बंध तोडण्याची ताकद तिच्यात नाही. उरतो तो उष्णतेचा परिणाम. मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास याच वारंवारतेवर चालतो हे खरे, पण तो बंद धातूच्या पेटीत ७०० ते १००० वॅट ओततो. घरातला वायफायचा डबा एका वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास सोडतो आणि तोही चहूकडे पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना २-ब गटात टाकले, ते प्रामुख्याने कानाशी धरलेल्या मोबाइलच्या मर्यादित पुराव्यावरून. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या-आंबवलेल्या भाज्याही आहेत. रात्री डबा बंद केल्याने मुले मोबाइल सोडून झोपत असतील तर जरूर बंद करावा. कारण मात्र ते असावे.

हर्ट्झकडे परत. १८८९ च्या डिसेंबरात एका अभियंत्याने त्याला पत्राने विचारले, की टेलिफोनचा आवाज या लहरींनी पाठवता येईल का? हर्ट्झने नाही म्हणून कळवले. आवाजाचे हेलकावे फार संथ. सेकंदाला हजार म्हणजे लहरीची लांबी ३०० किलोमीटर, मग तेवढाले आरसे कुठून आणायचे? गणित बिनचूक होते, पण वाट चुकली. संथ आवाजाची वेगळी लहर करायची गरजच नव्हती. वेगवान लहर पाठवायची आणि तिच्या चढउतारांवर आवाज बसवायचा, ही युक्ती पुढे इतरांना सुचली. रेडिओ, दूरदर्शन, मोबाइल, वायफाय ही सगळी त्या युक्तीची लेकरे. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी हर्ट्झच्या लहरी अवघ्या पाच मिलिमीटरपर्यंत लहान करून दाखवल्या, त्याही १८९० च्या दशकातच.

हर्ट्झच्या प्रक्षेपकाची वारंवारता दांडीच्या लांबीवर ठरायची. दुसरी हवी तर दुसरी दांडी कापायची. रेडिओच्या पुढच्या पिढ्यांतही तेच, फक्त दांडीच्या जागी तारेची गुंडाळी आणि कपॅसिटर आले. आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ नावाचे, तळहातावर मावणारे कार्ड संगणकाला जोडतात. त्यात लहरीचा आकार आधी आकड्यांच्या माळेत लिहिला जातो. वायफायच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका वाहिनीसाठी सेकंदाला दोन कोटी आकडे लागतात. ती वाहिनी ६४ बारीक पट्ट्यांत विभागलेली असते. त्यातल्या ५२ पट्ट्यांवर माहिती आणि खुणा बसवायच्या, गणिताने सगळ्या एकत्र गुंफायच्या, आणि कार्ड त्या आकड्यांचे विजेच्या हेलकाव्यांत रूपांतर करून २.४ गिगाहर्ट्झवर चढवते. जवळच्या मोबाइलच्या यादीत एका नव्या वायफायचे नाव उमटते. प्रत्यक्षात तिथे वायफायचा डबा नसतो, नुसता एक प्रोग्रॅम चालू असतो. उद्या प्रोग्रॅम बदलला की तेच कार्ड दुसरे काही बोलेल.

नाव उमटवणे सोपे, संवाद अवघड. प्रत्येक निरोप मिळाल्याची पोच वायफायला सेकंदाच्या लाखाव्या भागात, म्हणजे १० मायक्रोसेकंदांत पाठवायला सुरुवात करावी लागते. केबलमधून संगणकापर्यंत जाऊन उत्तर परत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर समोरचा निरोप हरवला असे समजून पुन्हा पाठवत बसतो. म्हणून पोच देण्याचे काम कार्डावरच्याच चिपवर सोपवावे लागते. शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवानामुक्त असला तरी ती सवलत ठरलेल्या शक्तीपुरती आणि मान्यताप्राप्त यंत्रांपुरती आहे. बाजूच्या पट्ट्यांत घुसणे हा गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे जाणते शिक्षक अँटेनाऐवजी केबल आणि शक्ती कमी करणारा अटेन्युएटर लावूनच असले प्रयोग करवतात. हर्ट्झला ही चिंता नव्हती. त्याच्या ठिणगीच्या आड येईल असे रेडिओ स्टेशन तेव्हा जगात कुठेही नव्हते.

१८८९ मध्ये तो बॉनला गेला. प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ क्लॉझियसची जागा त्याला मिळाली होती आणि राहायला त्याचेच घर. दुसऱ्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने रम्फर्ड पदक दिले. त्याच्याही चुका झाल्या. आपल्या प्रयोगाच्या हिशेबात त्याने दोनाच्या वर्गमुळाएवढी गफलत केली होती, ती फ्रान्सच्या प्वांकारेने दाखवून दिली. तारेतून जाणाऱ्या लहरीचा वेगही त्याचा चुकला होता. कॅथोड किरण विजेने वळत नाहीत असे त्याचे आधीचे मत होते, तेही पुढे चूक निघाले. मात्र हे किरण धातूच्या पातळ पत्र्यातून पार जातात हे त्याने १८९२ मध्ये दाखवले. ते काम त्याचा सहायक फिलिप लेनार्ड याने पुढे नेले आणि त्याच वाटेवर प्रयोग करताना १८९५ मध्ये रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले. हर्ट्झला जाऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

आजाराची सुरुवात खरे तर नाकापासून नव्हती. १८८८ च्या आरंभी, लहरींचे प्रयोग ऐन भरात असताना, त्याचे दात दुखू लागले. पुढच्या वर्षी सगळे दात काढून टाकावे लागले. वय ३२. मग मधली बरी वर्षे आणि १८९२ ची ती सर्दी. त्या काळच्या डॉक्टरांनी हाडाचा घातक आजार मानला, शेवटचे कारण रक्तात विषबाधा असे नोंदले. आजच्या अनेक वैद्यकांना हे वर्णन वाचून एकच नाव आठवते, ते म्हणजे ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, अर्थात जीपीए. तुकडा तपासलेला नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही. हाडातला जंतुसंसर्ग किंवा गाठ या शक्यताही राहतात.

या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान रक्तवाहिन्यांवर उलटते. नाकात खपल्या धरतात, रक्तमिश्रित स्राव येतो, सायनस वारंवार भरतात, हिरड्या सुजून लाल होतात, कानाला कमी ऐकू येऊ लागते. पुढे फुप्फुस आणि मूत्रपिंड. मूत्रपिंडाचा त्रास सुरू झालेला रुग्णाला कळतही नाही, लघवीच्या तपासणीतच रक्त आणि प्रथिने दिसतात. औषधे नव्हती तेव्हा सर्वांगात पसरलेल्या आजाराचे रुग्ण सरासरी पाच महिने जगत. १९७० च्या दशकात स्टिरॉइडच्या जोडीला सायक्लोफॉस्फामाइड आले आणि चित्र पालटले. १९८५ पासून आंका नावाची रक्तचाचणी निदानाला मदत करते. आता रिटक्सिमॅब हेही औषध आहे. बहुसंख्य रुग्णांचा आजार आटोक्यात येतो.

तरीही हे रुग्ण उशिराच पोचतात. फुप्फुसाच्या फोटोत डाग दिसला की आपल्याकडे आधी क्षयाची औषधे सुरू होतात, आणि क्षय इतका सर्रास आहे की त्यात डॉक्टरची फारशी चूकही म्हणता येत नाही. पण थुंकीत जंतू सापडले नसतील, औषधांनी उतार नसेल आणि नाक-कानाची तक्रार जुनी असेल, तर लघवीची साधी तपासणी करायला फारसा खर्च येत नाही. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेली, रक्त येणारी, खपल्या धरणारी सर्दी औषधाच्या दुकानातून बरी करू नये.

शेवटच्या वर्षभरात, वेदना सहन करत, हर्ट्झ यंत्रशास्त्राच्या मूलतत्त्वांवरचे पुस्तक लिहीत होता. ७ डिसेंबर १८९३ ला त्याने शेवटचे व्याख्यान दिले. दोनच दिवसांनी आईवडिलांना पत्र लिहून, आपले काही बरेवाईट झाले तर शोक करू नका, असे कळवले. पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आले, हेल्महोल्ट्झच्या प्रस्तावनेसह. प्रिय शिष्याला निरोप देऊन गुरूही त्याच वर्षी गेला.

ज्याने त्याचे लेखन छपाईसाठी सिद्ध केले तो लेनार्ड पुढे नोबेल पारितोषिक मिळवून नाझींचा कडवा समर्थक झाला. हर्ट्झच्या वडिलांकडचे ज्यू मूळ आता गुन्हा ठरले. धाकटी मुलगी माथिल्ड ही प्राण्यांच्या वर्तनाची अभ्यासक, तिची नोकरी धोक्यात आली. माक्स प्लांकने रदबदली केली, पण ती किती पुरणार? अखेर एलिझाबेथ आणि दोन्ही मुलींनी देश सोडून इंग्लंड गाठले आणि केंब्रिजला आसरा घेतला.

हर्ट्झचा पुतण्या गुस्ताव्ह यालाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. त्याचा मुलगा कार्ल हेलमुथ स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात होता. १९५३ मध्ये तिथल्या इंगे एडलर या हृदयरोगतज्ज्ञाने त्याला विचारले, की छाती न उघडता हृदयाच्या झडपा पाहता येतील का? दोघांनी माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातून धातूतल्या भेगा शोधण्याचे ध्वनिलहरींचे यंत्र उसने आणले, ते छातीवर टेकवले, आणि पडद्यावर धडधडत्या हृदयाचा प्रतिध्वनी उमटला. आजच्या टू-डी इकोची ती सुरुवात. इकोच्या प्रोबवर आकडा छापलेला असतो आणि त्यापुढे एकक असते मेगाहर्ट्झ.